व्हाइस ॲडमिरल बेंजामिन अब्राहाम सॅमसन ह्यांचे चरित्र

ज्युबिलीच्या ह्या मंगल वर्षी वाडवडिलांचे कृतज्ञतेने स्मरण करीत असता, आमच्या धर्मग्रामाबाहेरील एका थोर पुरुषाचे चरित्रही ह्या स्मरणिकेत द्यावे असे आम्ही योजिले. हे गृहस्थ ख्रिस्ती नव्हते; पुण्याच्या बेने इस्राएल समाजातील ते यहुदी होते. परंतु त्यांच्या समाजाची मायबोली आमचीच मराठी, त्यांच्या सहधर्मचारिणी रोमन कॅथलिक, आणि त्यांचे आयुष्य खुल्या आभाळाखाली, वाऱ्यापाण्याच्या संगतीत व माणसांच्या मेळ्यात गेलेले. देहू रोड व खडकी येथील लष्करी आगारांशी आणि पिंपरी-आकुर्डीच्या कारखान्यांशी जन्माचे नाते जोडलेल्या आमच्या वाचकांस हे चरित्र परके वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

बेने इस्राएल लोकांचा पूर्वेतिहास कोकणच्या किनाऱ्यावर सुरू होतो. अलिबागेजवळ नवगाव येथे त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले व मोजकी माणसे तेवढी तगली, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. तेल गाळण्याचा धंदा करून व शनिवारी घाणा बंद ठेवून ह्या लोकांनी शतकानुशतके आपला धर्म राखिला. म्हणूनच शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. इंग्रजी अमदानीत त्यांतील पुष्कळ कुटुंबे लष्करी व सरकारी चाकरीच्या निमित्ताने मुंबई-पुण्यास आली. पुण्याच्या रास्ता पेठेत त्यांचे प्रार्थनामंदिर आजही उभे आहे. अशा समाजात १९१६ साली बेंजामिन सॅमसन ह्यांचा जन्म झाला. ज्या लोकांची कुळकथा फुटलेल्या गलबतापासून सुरू होते, त्यांच्याच एका पुत्राने देशाचे आरमार चालवावे, ह्यात आम्हांस ईश्वरी योजनेचा हात दिसतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळी सॅमसन हे तेव्हाच्या रॉयल इंडियन नेव्हीत अधिकारी होते. जहाजावरचे जिणे हे एकलकोंड्याचे जिणे नव्हे. लोखंडाच्या एका कवचात शेकडो माणसे महिनोन् महिने एकत्र राहतात. त्यांचा देश, भाषा, धर्म, अन्न ही सारी निरनिराळी असतात. तेथे अधिकाऱ्यास हुकूम देता आला म्हणजे पुरे होत नाही. प्रत्येकाशी मिळून मिसळून राहण्याची हातोटी त्याजपाशी असावी लागते. स्वातंत्र्यानंतर ह्या आरमाराची सूत्रे हिंदी अधिकाऱ्यांच्या हाती येत गेली, तेव्हा जबाबदारीची पदे ज्यांनी पेलली त्यांत सॅमसन हे एक होत.

१९५९ साली ते खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे प्रमुख झाले व १९६२ पर्यंत त्या पदावर राहिले. भूसेना, नौसेना व वायुसेना ह्या तिन्ही दळांचे होतकरू तरुण तेथे एकत्र शिकतात. ही संस्था १९५५ पासून खडकवासल्यास नांदत आहे. घोड्यावर बसणे, डोंगर चढणे, दूरच्या दौडी मारणे व तळ्यात शिडाच्या होड्या हाकणे हे तेथील शिक्षणाचे अंगच होय. समोर सिंहगड, पायथ्याशी खडकवासल्याचे पाणी, अशा जागी समुद्रावरच्या माणसास डोंगरी मुलखात असूनही परकेपणा वाटू नये. घाटमाथ्याचा व आरमाराचा संबंध तसा जुनाच आहे; लोणावळ्यास १९४५ पासून आरमाराची यंत्रविद्येची शाळा आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे.

त्यांच्या कारकिर्दीतच १२ जुलै १९६१ हा दिवस उजाडला. पानशेतचे नवे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासल्याचे जुने धरणही फोडिले आणि पुणे शहराचा नदीकाठ बुडाला. प्रबोधिनी उंचावर असली, तरी तिच्या पायथ्याचे तळे ओसरले. आदल्या दिवशीपर्यंत जे पाणी होड्यांना खेळवीत होते, त्यानेच शेकडो संसार धुऊन नेले. पाण्याशी जन्म काढणाऱ्यास त्याचे हे दुसरे रूप घरापाशीच पाहावे लागले.

त्यांच्या घराविषयीही दोन शब्द लिहिणे उचित होईल. पिता यहुदी व माता कॅथलिक अशा ह्या घरात भिन्न धर्मांचा शेजार एकाच छपराखाली होता. त्यांची कन्या लीला ही ९ वर्षांची असताना मद्रासेच्या कलाक्षेत्रात रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांच्या हाताखाली शिकण्यास गेली. पुढे भरतनाट्यात तिने मोठे नाव मिळविले व १९९० साली तिला पद्मश्री मिळाली. सैनिकी शिस्तीत वाढलेल्या पित्याने कोवळ्या वयाच्या मुलीस इतक्या दूर, तेही नृत्य शिकण्यास पाठवावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. आमच्या धर्मग्रामातही मिश्रविवाहांची घरे आहेत. अशा घरांतील मुलांविषयी पुष्कळदा काळजीचे उद्गार ऐकू येतात. त्यांच्या आईबापांस ह्या घराची हकीकत ऐकून धीर यावा.

आता त्यांच्या आयुष्यातील कसोटीच्या प्रसंगाकडे वळू. १९६५ साली पाकिस्तानाशी युद्ध जुंपले तेव्हा रिअर ॲडमिरल सॅमसन हे हिंदी ताफ्याचे सेनापती होते व म्हैसूर ही त्यांची ध्वजनौका होती. आरमाराचे मुख्य भास्कर सदाशिव सोमण हेही मराठी भाषिकच. विक्रांत ही विमानवाहू नौका दुरुस्तीसाठी गोदीत होती आणि ताफा युद्धाच्या आरंभी बंगालच्या उपसागरात होता; तो तातडीने मुंबईकडे वळविण्यात आला. ७ सप्टेंबरच्या रात्री पाकिस्तानी नौकांनी द्वारकेवर तोफा डागल्या. हानी फारशी झाली नाही. पण तीर्थक्षेत्रावर गोळे पडल्याची बोच सर्वांस लागली. इकडे सरकारचा हुकूम असा होता की, पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेस आरमाराने चाल करून जाऊ नये. सोमणांनी हा निर्बंध उठावा म्हणून खटपट केली, ती सफळ झाली नाही. २३ सप्टेंबरास लढाई थांबली, आणि आरमाराच्या पदरी पराक्रमाऐवजी लोकांचे प्रश्न तेवढे पडले.

जो शिपाई लढून पडतो त्याचा गौरव होतो. परंतु ज्याच्या हाती सामर्थ्य असून ज्यास हुकुमाने थांबावे लागते, त्याची व्यथा कोणास दिसत नाही. लोकसत्ताक राज्यात तलवार ही मुलकी सरकारच्या अधीन असते, आणि ही मर्यादा पाळणे हेही सैनिकाचे शौर्यच होय, असे आमचे मत आहे. सॅमसन ह्यांनी ती मर्यादा पाळली.

ह्या पुढे त्यांनी जे केले, त्यासाठीच मुख्यतः हे चरित्र आम्ही लिहावयास घेतले. १९६६ साली ते मुंबईच्या माझगाव गोदीचे मुख्य चालक झाले. ही गोदी सरकारने १९६० साली विकत घेतली होती. तेथे ब्रिटिश लिअँडर नमुन्यावरून सुमारे ३,००० टनांची लढाऊ नौका बांधण्याचे काम हाती घेण्यात आले. एवढी मोठी युद्धनौका ह्या देशात पूर्वी बांधलेली नव्हती. सांधणारे, कातारी, नळजोडे, वीजकामगार अशा हजारो हातांचे ते काम. २३ ऑक्टोबर १९६८ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी ह्यांच्या हस्ते नीलगिरी पाण्यात उतरली व ३ जून १९७२ रोजी आरमारात दाखल झाली. तिच्यामागून हिमगिरी, उदयगिरी, दुनागिरी, तारागिरी व १९८१ साली विंध्यगिरी अशा पाच भगिनी आल्या. सहाही नौकांस पर्वतांची नावे दिली गेली.

त्याच सुमारास आमच्या ह्या परिसराचेही रूप पालटत होते. पिंपरीस १९५४ साली सरकारी औषधांचा कारखाना उभा राहिला होता, १९६६ साली टेल्कोने येथे पाय रोविला, आणि वसई, गोवे, अहमदनगर, केरळ अशा नाना दिशांकडून आमचे वडीलधारे पोटामागे येथे आले. ज्या पाळ्यांत त्यांनी लेथवर घाम गाळिला, तशाच पाळ्यांत माझगावी नीलगिरीचे पत्रे सांधले जात होते. कामगारांच्या कष्टांतून देश उभा राहतो, ही गोष्ट त्या गोदीतील माणसांस व येथील आमच्या वडिलांस सारखीच लागू पडते.

व्हाइस ॲडमिरल सॅमसन २००८ साली निवर्तले. त्यांच्या काळी पाण्यात उतरलेली नीलगिरी १९९६ साली सेवानिवृत्त झाली होती. परंतु त्याच गोदीत बांधलेली व तेच नाव धारण करणारी नवी नौका १५ जानेवारी २०२५ रोजी आरमारात दाखल झाली आहे. माणसे जातात, जहाजेही मोडीत निघतात. चांगल्या रीतीने शिकविलेले काम मात्र एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे जात राहते.

राजा दाविदाची जी स्तोत्रे त्यांच्या समाजाच्या प्रार्थनामंदिरात म्हणतात, तीच आमच्या मिस्साविधीतही गायिली जातात. ज्युबिलीच्या वर्षी मृतांसाठी प्रार्थना करिताना आमच्या वाचकांनी ह्या शेजारधर्मीय सत्पुरुषासही आठवावे. आणि ज्यांच्या वाट्याला गौरवाऐवजी थांबणे आले आहे, अशा निवृत्त शिपायांनी, काम सुटलेल्या कामगारांनी व हताश झालेल्या तरुणांनी हातातील पुढचे काम निष्ठेने उचलावे, एवढेच ह्या चरित्राच्या निमित्ताने आमचे सांगणे आहे.