हॅरी हॅमंड हेस

हॅरी हॅमंड हेस (२४ मे, १९०६ – २५ ऑगस्ट, १९६९) हे अमेरिकन भूवैज्ञानिक, प्रिन्स्टन विद्यापीठातील प्राध्यापक व अमेरिकन नौदलाच्या राखीव दलातील रिअर अ‍ॅडमिरल होते. समुद्रतळाच्या विस्ताराची कल्पना मांडणारे शास्त्रज्ञ म्हणून ते ओळखले जातात. महासागरांच्या तळाशी पसरलेल्या ज्वालामुखी पर्वतरांगा, म्हणजे मध्य-महासागरी कटक, येथे नवे कवच तयार होते व ते दोन्ही बाजूंस सरकत जाते, असे त्यांनी दाखविले. त्याच लेखात त्यांनी आणखी एक विधान केले होते, त्याकडे पाठ्यपुस्तकांचे फारसे लक्ष जात नाही. हे कटक चिरस्थायी नसतात. त्यांना आयुर्मर्यादा असते आणि ती संपल्यावर विस्तार थांबतो, असे ते विधान होय.

पूर्वायुष्य व शिक्षण

हेस यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात झाला. १९२३ मध्ये त्यांनी येल विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकीसाठी प्रवेश घेतला, पण लवकरच ते भूविज्ञानाकडे वळले. खनिजविज्ञानाच्या परीक्षेत ते पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण झाले होते. पुढे ते अमेरिकेच्या खनिजविज्ञान संस्थेचे अध्यक्ष झाले, हे लक्षात घेता ही नोंद गमतीची वाटते. १९२७ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी उत्तर ऱ्होडेशियात (आताचा झांबिया) सुमारे दोन वर्षे खनिज-शोधाचे काम केले. १९३२ मध्ये प्रिन्स्टन येथून त्यांनी पीएच. डी. मिळविली आणि १९३४ पासून अखेरपर्यंत ते तेथेच राहिले. १९५० ते १९६६ या काळात ते भूविज्ञान विभागाचे प्रमुख होते.

डच भूभौतिकीविद फेलिक्स व्हेनिंग माइनेस यांनी पाणबुडीतून गुरुत्वाकर्षण मोजण्याची पद्धत विकसित केली होती. १९३० च्या दशकाच्या आरंभी हेस त्यांच्यासमवेत वेस्ट इंडीजच्या मोहिमेत सहभागी झाले. खोल सागरी खंदकांच्या कडेने गुरुत्वाकर्षण अपेक्षेपेक्षा बरेच कमी भरते, याचा अर्थ तेथे काहीतरी कवचाला खाली ओढत असले पाहिजे, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात होता. पाणबुडीवरील कामाच्या सोयीसाठी त्यांनी नौदलाच्या राखीव दलात अधिकारपदही स्वीकारले.

युद्धकाळ आणि सपाट माथ्याचे पर्वत

दुसऱ्या महायुद्धात हेस यांनी प्रथम उत्तर अटलांटिकमधील जर्मन पाणबुड्यांच्या हालचालींचा माग काढण्याचे काम केले. नंतर ते पॅसिफिकमध्ये केप जॉन्सन या सैन्यवाहू जहाजावर गेले व पुढे त्याचे कप्तान झाले. मेरियाना बेटे, लिंगायेन आखात व इवो जिमा येथील सैन्य उतरविण्याच्या मोहिमांत हे जहाज होते. जहाजावर पाण्याची खोली मोजणारे प्रतिध्वनी-यंत्र होते. किनाऱ्याजवळच ते चालविण्याची गरज असताना हेस यांनी ते भर समुद्रातही सतत सुरू ठेवले.

या नोंदींतून समुद्रतळावर उभे असलेले, पण कापल्यासारखा सपाट माथा असलेले पर्वत आढळले. नौदलाचे नकाशे तपासून त्यांनी असे सुमारे १६० पर्वत नोंदविले आणि प्रिन्स्टनमधील जुने भूगोलज्ञ आर्नोल्ड गीयो यांच्या नावावरून त्यांना गयॉट हे नाव दिले. १९४६ च्या निबंधात त्यांनी हे पर्वत म्हणजे लाटांनी झिजून बुडालेली अतिप्राचीन, प्रवाळांच्याही आधीची बेटे असल्याचे मानले. हा अंदाज चुकला. १९५० मध्ये मध्य पॅसिफिकमधील मोहिमेत गयॉटांच्या माथ्यांवरून क्रिटेशस काळातील जीवाश्म वर आले. बेटे तुलनेने तरुण होती. मग ती इतक्या थोड्या काळात इतकी खोल कशी गेली, हा प्रश्न उरला.

महासागर-खोऱ्यांचा इतिहास

१९५० च्या दशकात नवी माहिती झपाट्याने जमा झाली. मेरी थार्प व ब्रूस हीझेन यांच्या नकाशांत अटलांटिकमधील कटकाच्या माथ्यावर खचदरी दिसली. कटकांखालून येणारी उष्णता जास्त होती. समुद्रतळावरील गाळाचा थर फारच पातळ होता. हीझेन यांनी पृथ्वी फुगत असल्याचा पर्याय स्वीकारला; हेस यांना तो पटला नाही.

त्यांचा लेख १९६० मध्ये हस्तलिखित अहवालाच्या रूपात फिरू लागला आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरावा अपुरा असल्याची जाणीव असल्याने त्यांनी स्वतःच त्याला भूकाव्य म्हटले होते. प्रावरणातील अभिसरण प्रवाह कटकाखाली वर येतो, नवे कवच तयार होते, ते वर्षाला सुमारे १ सेंटिमीटर वेगाने प्रत्येक बाजूस सरकते आणि शेवटी खंदकात गडप होते, अशी मांडणी त्यात होती. कटकाच्या उंच माथ्यावर झिजलेली बेटे तळाबरोबर दूर व खोल जातात, हे गयॉटांचे उत्तरही तीतच मिळत होते. १९६१ मध्ये रॉबर्ट डाइट्झ यांनी अशीच कल्पना समुद्रतळ-विस्तार या नावाने प्रसिद्ध केली. हेस यांचा अग्रक्रम त्यांनी पुढे मान्य केला. १९६३ मध्ये फ्रेडरिक व्हाइन व ड्रमंड मॅथ्यूज यांनी कटकांच्या दोन्ही बाजूंच्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला, तेव्हा या काव्याला मोजमापाचा आधार मिळाला.

कटकांचे आयुष्य

हेस यांच्या मते कटकाचे आयुष्य अभिसरणाच्या चक्राइतके, म्हणजे २० ते ३० कोटी वर्षे असते. खालचा उष्ण प्रवाह थांबला की कटक थंड होतो, खचतो आणि सामान्य समुद्रतळात मिसळून जातो. मध्य पॅसिफिकमधील गयॉटांचा पट्टा हा अशाच एका मृत कटकाचा अवशेष आहे, असे त्यांनी सुचविले होते.

हे उदाहरण पुढे टिकले नाही. त्या भागातील चुंबकीय पट्ट्यांवरून तेथे एकच मोठा कटक नव्हता असे दिसले. बहुतेक गयॉट हे भूपट्टाच्या मध्यभागी झालेल्या ज्वालामुखींचे अवशेष ठरले. कारणमीमांसाही बदलली. कटक स्वतःच्या बळावर भूपट्टांना ढकलत नाही. खंदकात बुडणारा जड, थंड भूपट्ट आपल्या वजनाने बाकीचा भाग ओढतो आणि जेथे भूपट्ट विलग होतात तेथे खालचे प्रावरण वर येऊन वितळते. त्यामुळे प्रवाह आटला म्हणून नव्हे, तर त्या ठिकाणी ताण उरला नाही म्हणून विस्तार थांबतो.

मूळ विधान मात्र खरे निघाले. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांमधील टास्मान समुद्राचा विस्तार सुमारे ८.४ कोटी वर्षांपूर्वी सुरू होऊन सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वी थांबला. ग्रीनलंड व कॅनडामधील लॅब्राडोर समुद्रही असाच अर्धवट राहिला. ग्रीनलंड पुढे उत्तर अमेरिकेच्या भूपट्टाबरोबरच सरकू लागले. हिंदी महासागरातील उदाहरण महाराष्ट्राच्या भूविज्ञानाशी जोडलेले आहे. मादागास्करच्या पूर्वेस मस्कारेन खोऱ्यातील कटक सुमारे ६ कोटी वर्षांपूर्वी बंद पडला आणि विस्तार उत्तरेकडे, सेशेल्स व भारत यांच्या मध्ये सरकला. दख्खनच्या पठाराचे लाव्हा थर ज्या उद्रेकांतून साचले त्यांच्या मागोमागची ही घटना आहे. आजचा कार्ल्सबर्ग कटक तिचा वारसदार होय.

मोहोल प्रकल्प

कवच भेदून प्रावरणापर्यंत छिद्र पाडण्याच्या मोहोल प्रकल्पाचे हेस हे वॉल्टर मंक यांच्यासह प्रमुख पुरस्कर्ते होते. १९६१ मध्ये मेक्सिकोच्या ग्वाडालुपे बेटाजवळ सुमारे ३,५०० मीटर खोल पाण्यात समुद्रतळाखाली १८३ मीटर छिद्र घेण्यात आले व ते गाळाखालील बेसाल्टपर्यंत पोहोचले. वाढता खर्च व प्रशासकीय वादांमुळे अमेरिकन काँग्रेसने १९६६ मध्ये निधी बंद केला.

योगायोग असा की, ग्वाडालुपे बेट स्वतःच एका मृत कटकावर उभे आहे. तेथील कटक मेक्सिकोच्या किनाऱ्यालगतच्या खंदकाजवळ आला, तेव्हा खंदकात शिरणारे कवच इतके नवे, गरम व हलके होते की ते सहज बुडेना. सुमारे १.२ कोटी वर्षांपूर्वी ओढ संपली, विस्तार थांबला आणि उरलेले तुकडे पॅसिफिक भूपट्टाला चिकटले. १९६१ मध्ये हे कोणालाच ठाऊक नव्हते. कटकांच्या मृत्यूचा दाखला हेस दूरवरच्या गयॉटांत शोधत होते.

अखेरची वर्षे व सन्मान

महासागरी कवचाचा मुख्य थर सर्पेंटिनाइटचा असतो, हे हेस यांचे मतही पुढे मागे पडले. तो प्रामुख्याने गॅब्रोचा असल्याचे आता मानले जाते. पायरोक्सीन खनिजे व माँटॅनातील स्टिलवॉटर संकुलावरील त्यांचे काम मात्र आजही अभ्यासले जाते.

१९६२ पासून ते राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अवकाश विज्ञान मंडळाचे अध्यक्ष होते. १९६३ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या भूवैज्ञानिक संस्थेचे अध्यक्षपद भूषविले व १९६६ मध्ये त्यांना पेनरोज पदक मिळाले. मानव चंद्रावर उतरल्यानंतर महिन्याहून थोड्या अधिक काळाने, मॅसॅच्युसेट्समधील वुड्स होल येथे मंडळाच्या बैठकीदरम्यान हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत त्यांचे दफन करण्यात आले. अमेरिकन भूभौतिकी संघटना त्यांच्या नावे पदक देते.