बुलढाण्याच्या ताराबाई

साल १८८१. सुरतेकडच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अनौरस बाळाला मारलं म्हणून फाशी सुनावली गेली. शिक्षा पुढे कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून सरसकट बायकांवरच चिखलफेक सुरू झाली. मूल काय तिचं एकटीचं होतं? बुलढाण्यात ताराबाई शिंदेंचं डोकं सणकलं. वडिलांनी, बापूजींनी घरीच शिकवलेल्या या बाईंनी थेट पुस्तकच लिहिलं. ‘स्त्री-पुरुष तुलना’, १८८२, पुण्यात छापलेलं. बायको गेली की नवरा दुसरी आणतो, मग विधवेनेच का कुढायचं, हा त्यांचा रोकडा सवाल. (भाषा अशी तिखट, की वऱ्हाडी ठेचा बरा!) लोक तुटून पडले. जोतीराव फुले मात्र ‘सत्सार’मधून पाठीशी उभे राहिले. ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. हेही विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशेंनी पुन्हा छापून आणलं.