ब्लेडनं कापलेले सूर

1984 चा 'द टर्मिनेटर' आठवतोय? पडद्यावर नावं यायला लागतात आणि मागे लोखंडावर घण पडल्यासारखे ठोके सुरू होतात. जणू मशीनच गातंय. साय-फाय ॲक्शनपट म्हटला की आपल्याला आता असाच बॅकग्राऊंड स्कोर लागतो. सिंथची खोल गुरगुर, धातूचा खणखणाट. पण हा आवाज घराघरांत पोचवणारी एक ट्यून त्याच्या तब्बल 21 वर्षं आधी टीव्हीवर आली होती. तेव्हा सिंथेसायझर दुकानात विकत मिळत नव्हता. ती ट्यून बनवणारी मुलगी 26 वर्षांची होती आणि तिचं नाव पडद्यावर आलंच नाही.

डेलिया डर्बिशर. जन्म 5 मे 1937, इंग्लंडमधलं कॉव्हेंट्री. वडील पत्र्याचं काम करणारे कामगार. ती तीन वर्षांची असताना, नोव्हेंबर 1940 मध्ये, जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री बेचिराख केलं. इतरांना त्या रात्रींचं जे आठवायचं ते आठवो, डेलियाच्या कानात राहिले ते भोंगे. आधी धोक्याचा, मग धोका टळल्याचा. माणसानं न वाजवलेला, चढत-उतरत जाणारा तो सूर म्हणजे आपलं पहिलं इलेक्ट्रॉनिक संगीत, असं ती पुढे सांगायची. मग तिला प्रेस्टनला हलवलं. तिथे भल्या पहाटे गिरणी कामगार लाकडी तळव्यांचे बूट घालून दगडी रस्त्यावरून जायचे. तो ताल तिनं आयुष्यभर जपला.

पोरगी हुशार. केंब्रिजमध्ये गणित आणि संगीत शिकली, 1959 मध्ये पदवी घेतली. नोकरी मागायला डेक्का या रेकॉर्ड कंपनीत गेली तर उत्तर मिळालं की आमच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत बायकांना घेत नाही. विषय संपला. 1960 मध्ये ती बीबीसीत ट्रेनी म्हणून लागली आणि दोन वर्षांत स्वतःहून मागून घेऊन रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये गेली. नाटकांसाठी, कार्यक्रमांसाठी चित्रविचित्र आवाज बनवून देणारा हा विभाग. लोकांना तिथं फार काळ राहायचं नसायचं. हिला तिथंच राहायचं होतं.

1963 मध्ये 'डॉक्टर हू' नावाची साय-फाय मालिका येणार होती. संगीतकार रॉन ग्रेनर यांनी टायटल ट्यूनची चाल कागदावर लिहून दिली. चाल त्यांची, पण त्या कागदातून आवाज काढायचा कसा, हे डेलियानं ठरवायचं होतं. आज आपण लॅपटॉपवर चार लूप टाकून मोकळे होतो. तिच्याकडे होते टेप रेकॉर्डर, यंत्रं तपासायला वापरतात ते ऑसिलेटर आणि दाढीचं ब्लेड. तिनं एक तार छेडून एकच सूर रेकॉर्ड केला. टेपचा वेग कमी-जास्त करून त्याच सुरापासून खालचे-वरचे सूर काढले. मग प्रत्येक सुराचा तुकडा मोजून कापला. टेप सेकंदाला 15 इंच फिरत असेल तर अर्ध्या सेकंदाचा सूर म्हणजे साडेसात इंच. गणिताची पदवी इथे कामाला आली. असे असंख्य तुकडे चिकटवून बेस तयार झाला. वरची ती रडवेली, घसरत जाणारी धून ऑसिलेटरची, आणि वाऱ्यासारखी सळसळ निव्वळ खरखर गाळून काढलेली.

मल्टिट्रॅक नव्हताच. वेगवेगळ्या टेप वेगवेगळ्या मशीनवर लावायच्या आणि एकदम बटणं दाबायची. एकदा कुठेतरी सूर चुकत होता, सापडेना. तेव्हा तिनं आणि सहकारी डिक मिल्स यांनी सगळ्या टेप लांबलचक कॉरिडॉरमध्ये शेजारी-शेजारी पसरल्या आणि कुठला जोड पुढे-मागे झालाय ते डोळ्यांनी शोधलं!

तयार ट्यून ऐकून ग्रेनर यांना ती आपलीच चाल आहे यावर विश्वास बसेना, असं सांगतात. श्रेयात आणि मानधनात डेलियाला वाटा द्यायला ते तयार होते. बीबीसीचा नियम आड आला. वर्कशॉपचे लोक पगारी नोकर, त्यांचं नाव वेगळं द्यायचं नाही. 23 नोव्हेंबर 1963 ला मालिका सुरू झाली, श्रेयनामावलीत वर्कशॉपचा उल्लेख आला, हिला पगार मिळाला.

मला विचाराल तर तिची सगळ्यात भारी कामगिरी वेगळीच आहे. सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांवरच्या माहितीपटासाठी तिनं एक हिरवी धातूची लॅम्पशेड वाजवली. ठोक्याचा सुरुवातीचा 'टण्' कापून टाकला आणि फक्त मागे रेंगाळणारा नाद ठेवला. त्या नादात कुठकुठले सूर आहेत ते हुडकून ऑसिलेटरवर तो पुन्हा उभा केला. पत्रा कापणाऱ्या कामगाराची लेक, दुसरं काय!

70 च्या दशकात तयार सिंथेसायझर आले. बटण दाबलं की आवाज. तिला ते काही मानवलं नाही. कामं वाढली, मुदती आखडल्या, आणि सूर घासूनपुसून घडवायला वेळच उरला नाही. 1973 मध्ये तिनं बीबीसी सोडली. पुढे गॅसच्या पाइपलाइनच्या कामावर रेडिओ ऑपरेटर झाली, पुस्तकांच्या दुकानात राबली. दारूनं शरीर पोखरलं. तिची ट्यून मात्र 1980 पर्यंत दर सीझनला वाजत होती. 90 च्या दशकाच्या शेवटी तरुण संगीतकार तिला शोधत आले, ती पुन्हा कामाला लागली, आणि 3 जुलै 2001 ला गेली. वय 64.

'डॉक्टर हू'च्या पडद्यावर तिचं नाव आलं ते 2013 मध्ये, मालिकेच्या पन्नाशीच्या खास भागात.

ती गेल्यावर घराच्या माळ्यावर सीरियलच्या खोक्यांत भरलेल्या 267 टेप सापडल्या. त्या आता मँचेस्टर विद्यापीठाकडे आहेत. त्यातला 60 च्या दशकाच्या अखेरचा एक छोटा तुकडा ऐकाल तर 90 च्या दशकातल्या क्लबमधला डान्स ट्रॅक वाटेल. तो सुरू होण्याआधी टेपवर डेलियाचा आवाज येतो. हे सोडून द्या, नुसतं गंमत म्हणून केलंय, असं काहीसं ती सांगते.