एका हाताने उघडणारा चाकू आणि कार्ल एल्सनर

एका हाताने दोरी ताणून धरलेली असते. दुसऱ्या हाताने खिशातला घडीचा चाकू निघतो, पण उघडत नाही. मूठ धरायला एक हात हवा आणि पात्यावरच्या खाचेत नख घालायला दुसरा. अशा वेळी मूठ दातांत धरून पाते ओढण्याचा उद्योग आपल्यापैकी पुष्कळांनी केला असेल. आम्हीही केला आहे, आणि तो कोणी करू नये. या साध्या अडचणीचा विचार करताना आम्हाला आठवण झाली ती लाल मुठीच्या, पांढऱ्या क्रुसाच्या स्विस चाकूची, आणि तो घडवणाऱ्या माणसाची. त्या माणसाची कथा आपल्या बेटावरील घरांना परकी वाटणार नाही, म्हणून ती आज सांगत आहोत.

कार्ल एल्सनर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८६० रोजी स्वित्झर्लंडमधील श्वीत्स येथे झाला. वडील टोप्या बनवीत. मुलाने मात्र टोप्यांचा धंदा न धरता पोलादाचा धरला. त्सूग गावी चाकू घडविण्याचे काम शिकून घेतले, मग पॅरिस आणि दक्षिण जर्मनीतील टुटलिंगन येथे जाऊन हात पक्का केला. परत आल्यावर १८८४ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, श्वीत्सजवळच्या ईबाख गावात त्यांनी आपला कारखाना थाटला. कारखाना म्हणजे ओढ्याकाठचे एक छप्पर, आणि यंत्रे फिरवायला त्याच ओढ्यावरचे पाणचक्र.

आज श्रीमंत म्हणून ओळखला जाणारा तो देश त्या काळी गरीब होता. श्वीत्सच्या डोंगराळ मुलखात शेती थोडी, धंदा त्याहून थोडा. तरुण माणसे बोटीत बसून अमेरिकेची वाट धरीत. आपल्या पूर्वजांनी मुंबई बंदरातून ऊसाच्या मळ्यांची वाट का धरली, हे ज्यांनी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे, त्यांना हे चित्र समजावून सांगायला नको. एल्सनर यांच्या मनात हेच होते की गावातच काम निर्माण झाले तर गावची पोरे गावात राहतील.

संधी आली ती सैन्याकडून. स्विस सैनिकांना १८८९ नमुन्याची नवी बंदूक मिळाली होती. ती खोलायला स्क्रू-ड्रायव्हर लागे आणि डब्यातले अन्न खायला डबा फोडण्याचे हत्यार लागे. म्हणून सैन्याने एकाच मुठीत पाते, आरी, डबा उघडणी आणि स्क्रू-ड्रायव्हर असलेला चाकू ठरविला. पण पहिले चाकू बनवून आले ते जर्मनीतील सोलिंगन शहरातून. आपल्या सैनिकाच्या खिशात परदेशी चाकू असावा, हे एल्सनर यांना रुचले नाही. त्यांनी देशातील चाकू कारागिरांची संघटना उभी केली, आणि १८९१ साली स्विस हातांनी घडविलेले पहिले चाकू सैन्याच्या हाती पडले.

इथवर कथा सुखाची. पुढे मात्र सोलिंगनच्या मोठ्या कारखान्यांनी तोच चाकू स्वस्तात देऊ केला. संघटनेतले इतर कारागीर एकेक करून बाजूला झाले. त्यांना दोष देता येणार नाही, घरसंसार त्यांनाही होता. एल्सनर एकटे उरले. प्रत्येक चाकूमागे तोटा, डोक्यावर कर्ज, जवळचा पैसा संपलेला. दिवाळे निघण्याची वेळ आली. नातेवाईक मदतीला धावले आणि घेणेकऱ्यांनी धीर धरला म्हणून कारखाना टिकला. आम्हाला वाटते की कारागिरी इतकेच मोल या धीर धरणाऱ्या माणसांचेही होते, पण त्यांची नावे कोणत्याही चाकूवर कोरलेली नाहीत.

या ओढाताणीतच त्यांचे खरे काम झाले. सैनिकाचा चाकू मजबूत पण जड होता. एल्सनर यांनी हलका, देखणा चाकू आखला, त्यात दुसरे लहान पाते आणि बुचे काढण्याचा मळसूत्री आकडा घातला. एवढी अवजारे एका मुठीत बसवायची तर प्रत्येकाला वेगळी कमान देऊन चालेना, मूठ विटेएवढी झाली असती. त्यांनी युक्ती अशी केली की मुठीच्या पाठीवरची एकच पोलादी कमान दोन्ही बाजूंच्या अवजारांना दाबून धरील. १२ जून १८९७ रोजी या चाकूची कायदेशीर नोंदणी झाली. सैन्याने तो अधिकृत सामानात घेतला नाही, तरी अधिकारी स्वतःच्या पैशाने विकत घेऊ लागले, आणि कर्ज फिटत गेले.

१९०९ साली आई व्हिक्टोरिया वारल्या. मुलाने तिचे नाव कारखान्याच्या मालाला दिले. त्याच वर्षी ढालीवरचा क्रूस हे चिन्ह आले. २६ डिसेंबर १९१८ रोजी एल्सनर यांचे निधन झाले. पुढे १९२१ साली न गंजणारे पोलाद वापरात आले, त्याचे ‘इनॉक्स’ हे नाव आईच्या नावाला जोडून ‘व्हिक्टोरिनॉक्स’ झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन शिपायांनी हा चाकू घरोघर नेला.

पण आमची पहिली अडचण तशीच राहिली होती. एल्सनर यांची कमान पाते घट्ट धरते, म्हणूनच तर ते उघडायला नख आणि दुसरा हात लागतो. सैनिकाचा चाकू शंभराहून अधिक वर्षे असाच दोन हातांचा होता. २००८ साली स्विस सैन्याने नवा नमुना ठरविला. त्यासाठी निविदा खुल्या होत्या, आणि चाकू परदेशात बनेल की काय या भीतीने देशात बरीच खळबळ उडाली. १८९१ चीच गोष्ट पुन्हा! काम अखेर ईबाखलाच मिळाले.

या चाकूच्या पात्याला आरपार लांबट भोक आहे. चार बोटांनी मूठ धरायची, बोटांची टोके पात्याच्या वाटेत येऊ द्यायची नाहीत, अंगठ्याचे पेर भोकात टेकवून पाते कमानीसारखे बाहेर ढकलायचे. मनगटाला झटका देण्याची गरज नाही. पाते पूर्ण उघडले की खटका बसतो आणि ते बोटांवर मिटत नाही. मिटताना आधी खटका सोडवावा लागतो, आणि पाते अर्धे आले की बोटे बाजूला घ्यावी लागतात. भोक आरपार असल्याने डावखुऱ्याचा अंगठाही त्यात तसाच बसतो.

एक गोष्ट युरोपात जाणाऱ्या मुलांच्या कानावर घालावी. त्याच २००८ साली १ एप्रिलपासून जर्मनीने एका हाताने उघडून खटक्याने पक्का बसणारा चाकू योग्य कारणाशिवाय सार्वजनिक जागी बाळगण्यास बंदी केली. एल्सनर यांचा जुना, नखाने उघडायचा चाकू त्या बंदीत येत नाही.