बॅटरीतली ऊर्जा मोजतात कशी? दारूभट्टीवाल्या ज्यूलची गोष्ट

ओझरमधली आमच्या आळीतली चिल्लीपिल्ली मला एक प्रश्न हमखास विचारतात: फोनमध्ये ऊर्जा किती असते? ‘5000 एमएएच’ म्हटलं की त्यांना काहीच कळत नाही. मग मी त्यांना जेम्स प्रेस्कॉट ज्यूलची गोष्ट सांगतो.

ज्यूलचा जन्म 24 डिसेंबर 1818 चा, इंग्लंडमधल्या सॅलफर्डचा. घरचा धंदा बिअर बनवायचा. तब्येत नाजूक, त्यामुळे शिक्षण घरीच झालं. काही काळ जॉन डाल्टन यांनीही शिकवलं. कॉलेजची पदवी नाही, प्राध्यापकाची नोकरी नाही. धंदा सांभाळून उरलेल्या वेळात हा पठ्ठ्या प्रयोग करायचा.

तेव्हा बरेच शास्त्रज्ञ उष्णतेला एक प्रकारचा द्रव पदार्थ समजत. ज्यूलला वाटलं, कष्ट केले की त्याचीच उष्णता होते. आणि तसं असेल तर हिशोब जुळलाच पाहिजे.

त्याने काय केलं? ताक घुसळायच्या रवीसारखं एक पात्यांचं चाक पाण्याच्या भांड्यात बसवलं. चाकाला दोरी बांधली, दोरी कप्पीवरून नेली आणि टोकाला वजन लावलं. वजन खाली आलं की चाक फिरणार, पाणी घुसळून तापणार. वजन किती आणि किती खाली आलं, हे झाले कष्ट. पाणी किती तापलं, ही झाली उष्णता. वीस वेळा वजन सोडलं तरी पाणी जेमतेम अर्धा अंश फॅरनहाइट तापायचं! म्हणून त्याला फार बारीक थर्मामीटर लागले.

एवढ्याशा फरकावर विश्वास कोण ठेवणार? 1843 मध्ये कॉर्कच्या सभेत त्याने आपलं काम मांडलं, तर फारसं कुणी लक्षच दिलं नाही. 1847 मध्ये ऑक्सफर्डला त्याला थोडक्यात आटपायला सांगितलं. पण तिथे तरुण विल्यम थॉमसनने ते मनावर घेतलं. हाच पुढे लॉर्ड केल्विन झाला. 1850 मध्ये ज्यूल रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

त्याचा हिशोब आपल्याकडे लावून बघू. माळशेजला धबधबे कोसळतात ना? पाणी सरळ 427 मीटर खाली पडलं आणि सगळी ऊर्जा त्यातच राहिली, तर ते फक्त 1 अंश सेल्सिअस तापेल.

आता मुलांना समजेल असं माप. 100 ग्रॅमची वस्तू 1 मीटर वर उचलायला साधारण 1 ज्यूल ऊर्जा लागते. फोनच्या बॅटरीचं गणित असं: 5 अँपिअर × 3.85 व्होल्ट × 3600 सेकंद = 69,300 ज्यूल. म्हणजे 10 मीटर खोल विहिरीतून 10 किलोच्या सुमारे 70 बादल्या ओढण्याइतकी! आणि वीजबिलातलं 1 युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल.

हे सांगितलं की पोरं गप्प होतात, आणि मग हातातल्या फोनकडे नव्याने बघतात.

ज्यूल 11 ऑक्टोबर 1889 रोजी वारला. त्याच्या थडग्यावर 772.55 हा आकडा कोरलाय. एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइट तापवायला लागणाऱ्या कष्टाचं, फूट-पौंडातलं, हे त्याचंच माप.