कापसाच्या ट्रॉलीचा लाल दिवा आणि खानावळवाल्याचा पोरगा रॉबर्ट बॉश

दिवाळी झाली की यवतमाळ जिल्ह्यातल्या रस्त्यांवर कापसाच्या ट्रॉल्या दिसायला लागतात. वणी, पांढरकवडा, घाटंजी, सगळीकडे जिनिंगची वाट धरलेले ट्रॅक्टर. तिकडे पुसद-उमरखेड पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्या. दिवसा काही वाटत नाही. रात्री मात्र मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला समोरचा ढीग दिसतो तो अगदी अंगावर आल्यावर. ट्रॉलीला टेल लाइट असतो, पण त्याचा प्लग ट्रॅक्टरच्या सॉकेटमध्ये लावलेलाच नसतो. किंवा लावलेला असतो आणि आतल्या पिना हिरव्या पडलेल्या असतात.

इंजिनावर चालणाऱ्या गाडीला भरवशाची वीज कशी द्यायची, यात ज्यांचं आयुष्य गेलं ते म्हणजे रॉबर्ट बॉश. हो, तेच. स्पार्क प्लगवर आणि डिझेल पंपावर ज्यांचं नाव असतं ते.

23 सप्टेंबर 1861 ला जर्मनीतल्या उल्म शहराजवळच्या आल्बेक गावात रॉबर्टचा जन्म झाला. बारा भावंडांत हा अकरावा. वडिलांची खानावळ होती, माल वाहणारे गाडीवान तिथे मुक्कामाला थांबायचे. शाळेनंतर पोरगा बारीक यंत्रकाम शिकायला एका कारागिराकडे राहिला, पण उस्तादाने धड काही शिकवलंच नाही. ही सल त्यांच्या मनात राहिली असावी, कारण पुढे 1913 मध्ये त्यांनी स्वतःच्या कारखान्यात शिकाऊ पोरांसाठी वेगळं वर्कशॉप काढलं.

1884 मध्ये ते अमेरिकेला गेले, एडिसनच्या कंपनीत राबले. मग इंग्लंडमध्ये सीमेन्सकडे. आणि 15 नोव्हेंबर 1886 ला स्टुटगार्टमध्ये स्वतःचं दुकान टाकलं. माणसं किती? एक मेकॅनिक आणि एक वरकामाचा पोरगा. टेलिफोन, विजेच्या घंट्या, जे मिळेल ते काम. मधल्या काळात धंदा असा बसला की बहुतेक कामगारांना घरी पाठवावं लागलं.

पण एक वस्तू चालली. मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी पाडणारं यंत्र. 1887 मध्ये त्यांनी ते एका जागी उभ्या असलेल्या इंजिनासाठी बनवलं आणि 1897 मध्ये तीनचाकी मोटारीवर बसवलं. 1902 मध्ये त्यांचे इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी जास्त दाबाचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग ही जोडी तयार केली. मग मात्र बॉश थांबले नाहीत.

पैसा आला तसा 1906 मध्ये कारखान्यात आठ तासांची पाळी सुरू झाली. त्या काळात हे ऐकून इतर कारखानदारांच्या भुवया उंचावल्या असतील.

आपल्या ट्रॉलीच्या दृष्टीने महत्त्वाचं साल 1913. त्या वर्षी कंपनीने डायनमो, बॅटरी, रेग्युलेटर आणि हेडलाइट असा दिव्यांचा पूर्ण संच बाजारात आणला. 1928 मध्ये वळताना बाहेर येणारा इंडिकेटर आला. गाडीवर दिवे वाढले, तशा वायरी वाढल्या. ट्रॉलीचं सात पिनांचं सॉकेट काही बॉश यांनी शोधलेलं नाही, पण त्या पिनांचे 31, 54, 58 हे आकडे जर्मन मोटार-वायरिंगच्या मानकातलेच. 31 म्हणजे अर्थ, 54 ब्रेक लाइट, 58 टेल लाइट. एल डावा इंडिकेटर, आर उजवा.

यात सगळ्यात जास्त त्रास देते ती 31. अर्थ कच्ची असली की डावा इंडिकेटर दिला तरी मागचे सगळेच दिवे मिणमिणतात. बरेच जण अर्थची वायर टाकतच नाहीत, हुकातून काम भागवतात. हुकाला ग्रीस, गंज, धूळ, मग करंट परत येणार कसा? अर्थची वेगळी वायर ओढायची, पिना घासून थोडं व्हॅसलिन लावायचं, सॉकेटचं झाकण मोडलं असेल तर बदलायचं. वळणावर ताणली जाणार नाही एवढी वायर सैल ठेवायची, पण जमिनीला घासेल इतकी नाही. ट्रॅक्टर 12 व्होल्टचा असतो, ट्रकमधून काढलेले 24 व्होल्टचे बल्ब त्यावर मंदच लागणार.

1927 मध्ये बॉश कंपनीने डिझेल पंपाचं मोठं उत्पादन सुरू केलं. आज शेतात धावणाऱ्या ट्रॅक्टरचा वंश तिथपर्यंत जातो.

शेवटची वर्षं गुंतागुंतीची होती. बॉश हिटलरच्या विरोधातले. त्यांनी ज्यूंना मदत केली, विरोधकांना आसरा दिला. पण त्याच काळात त्यांचे कारखाने युद्धाचा माल बनवत होते आणि तिथे सक्तीने आणलेले मजूरही होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. 1940 मध्ये स्टुटगार्टला त्यांच्या नावाचं रुग्णालय उघडलं. 12 मार्च 1942 ला ते गेले.

त्यानंतर नऊ वर्षांनी, 1951 मध्ये, बेंगळुरूत मोटार इंडस्ट्रीज कंपनी उभी राहिली. आपल्याकडे तिला सगळे मायको म्हणूनच ओळखतात. पुढे नाशिकच्या सातपूरलाही तिचा कारखाना आला, आणि मायको सर्कल हे नाव नाशिककरांच्या तोंडी बसलं ते त्यातूनच.