थंडी परवडली, पण ओल नको! : फ्रिट्यॉफ नान्सेन

पावसाळी ट्रेकवरून आल्यावर होस्टेलच्या दोरीवर जीन्स तीन-तीन दिवस वाळत नाही, हे आपण सगळेच जाणतो. आता कल्पना करा, दोरी नाही, बाहेर उणे ४० अंश, आणि ओले मोजे वाळवायला जागा एकच... स्वतःची छाती! नॉर्वेच्या फ्रिट्यॉफ नान्सेनने १८९५ साली रोज रात्री हेच केलं.

नान्सेन जन्मला १० ऑक्टोबर १८६१ रोजी, आजच्या ऑस्लोजवळ. शिक्षण प्राणिशास्त्राचं, नोकरी बर्गनच्या म्युझियममध्ये, वेड मात्र स्कीइंगचं. १८८८ मध्ये मज्जासंस्थेवर डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी पाच सोबती घेऊन पठ्ठ्याने ग्रीनलंड आडवं पार केलं. तेही पूर्वेकडून. वस्ती बहुतेक पश्चिमेला, म्हणजे परत फिरायची सोयच नाही! अंगावर लोकर, वरून वारा अडवणारं पातळ कापड. लोकर घाम बाहेर जाऊ देते, हा त्यामागचा हिशेब. याच मोहिमेसाठी त्याने एक कुकर बनवला. अन्न शिजवून उरलेली उष्णता बाहेरच्या भांड्यातला बर्फ वितळवायची. पुढे कित्येक ध्रुवीय मोहिमांनी तो वापरला.

मग आली 'फ्राम'. बर्फाने दाबलं की चिरडण्याऐवजी वर उचललं जाईल असं गोल बुडाचं जहाज, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण खरी गंमत आतल्या भिंतींत आहे. आधीच्या जहाजांवर माणसांच्या श्वासाची वाफ थंड भिंतींवर जमायची, ओघळून अंथरुणात यायची आणि गाद्यांचा बर्फ व्हायचा. नान्सेनने भिंतींत डांबरी नमदा, बूच, लाकूड, पुन्हा नमदा, हवाबंद लिनोलियम असे थरावर थर घातले. छतात रेनडिअरचे केस भरले. खिडकीला तिहेरी काच. भिंत आतून गार पडलीच नाही, तर वाफ जमणार कुठे? १८९३ च्या सप्टेंबरात जहाज बर्फात अडकलं, पण केबिन कोरडी राहिली. मेकॅनिकलवाल्यांनी हे जरूर अभ्यासावं.

१४ मार्च १८९५ ला नान्सेन आणि यालमार योहान्सन २८ कुत्रे घेऊन उत्तर ध्रुवाकडे निघाले. आधीच्या प्रयत्नात लांडग्याच्या कातड्याच्या सूटमध्ये घामाघूम व्हायला झालं होतं, म्हणून ते सूट जहाजावरच ठेवले. माझ्या मते संपूर्ण मोहिमेतला सगळ्यात महागडा निर्णय हाच. स्लेज ओढताना आलेला घाम लोकरीतून बाहेर पडायचा खरा, पण वरच्या कपड्यात येऊन गोठायचा. संध्याकाळपर्यंत अंगावर बर्फाचं चिलखत! बाहीच्या कडेने नान्सेनचं मनगट इतकं कापलं की जखम हाडाजवळ गेली आणि उन्हाळा सरत आला तेव्हा कुठे भरली. रात्री स्लीपिंग बॅगेत शिरलं की चिलखत वितळायचं, तासभर दात वाजायचे, आणि सकाळी तेच ओले कपडे पुन्हा कडक. घट्ट रेनकोटमध्ये गड चढणाऱ्याला आतून भिजणं म्हणजे काय ते कळतं, फरक एवढाच की आपल्याला खाली टपरीवर चहा मिळतो. ज्याने जहाज कोरडं ठेवलं, त्याला स्वतःचं अंग कोरडं ठेवता आलं नाही.

८६ अंश १४ मिनिटांपर्यंत पोहोचून ते मागे फिरले. तोवर इतक्या उत्तरेला कोणीच गेलं नव्हतं. पुढचा हिवाळा फ्रान्झ जोसेफ लँडवर दगडांच्या खोपटात गेला. वर वॉलरसचं कातडं, अंथरायला अस्वलाचं, उजेडाला चरबीचा दिवा. कपडे चरबीने इतके माखले की सुरीने खरवडावे लागत, आणि खरवड जळणात जाई. एवढं असूनही नान्सेनचं वजन दहाएक किलोंनी वाढलं!

१२ जून १८९६ ला सगळं सामान असलेले कायाक वाहून चालले. नान्सेनने गोठत्या पाण्यात उडी मारली आणि ते पकडून आणले. योहान्सनने ओले कपडे उतरवून त्याला बॅगेत कोंबलं, म्हणून तो वाचला. पाचच दिवसांनी ब्रिटिश प्रवासी जॅक्सन भेटला आणि सुटका झाली.

पुढे नान्सेनचा तरुण देशबंधू आमुंडसेन १९०३ नंतर कॅनडाच्या उत्तरेला नेत्सिलिक इन्युइटांकडून सैल कातडी कपडे घालायला शिकला. आतून हवा खेळली की घाम साचत नाही, हे त्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं.

नान्सेन मात्र पुन्हा ध्रुवाकडे गेला नाही. पहिल्या महायुद्धानंतर चार लाखांहून जास्त युद्धकैद्यांना त्याने घरी पोहोचवलं, देश हरवलेल्यांसाठी 'नान्सेन पासपोर्ट' काढला. १९२२ चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं. १३ मे १९३० रोजी तो ऑस्लोजवळच्या आपल्या घरी वारला.